कॉलेजच्या खेळाडूंना पैसे मिळावेत का? आणि मिळाले तर कोणाच्या ताटातले?

नीलांबरी:
शनिवारी लेकीची पोहण्याची बॅग धुवायला काढली. आत दोन तुटके गॉगल, कुबट झालेला टॉवेल आणि युनिव्हर्सिटीचं नाव छापलेली टोपी. तर ती वरून ओरडली, "आई नको धुवूस, राहू दे तशीच." म्हणून हा धागा काढतेय, आधीच सांगते की मी रडवेली वगैरे होऊ शकते, सांभाळून घ्या.

आम्ही मिडवेस्टमध्ये. लेक सातवीपासून स्पर्धांमध्ये पोहते, म्हणजे पहाटे पावणेपाचला मी गाडी काढायची, बाहेर उणे पंधरा, आणि परत येताना तिच्या केसांच्या काड्या झालेल्या असायच्या, हाताने मोडल्या तर कट्ट आवाज यायचा. एका मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीने तिला वॉक-ऑन म्हणून घेतलं. म्हणजे स्कॉलरशिप शून्य, फी आमचीच, पण टीममध्ये जागा, कोच, ट्रेनर, जॅकेट, बूट. पोरगी हवेत होती. २०२५च्या एप्रिलमध्ये कोचचा चार ओळींचा ईमेल आला, नवीन नियमांमुळे टीम लहान करतोय, आजवरच्या मेहनतीबद्दल आभार. संपलं.

नवीन नियम म्हणजे खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध (इथल्या कॉलेज खेळांची नियामक संस्था) लढवलेल्या हाऊस खटल्यातली तडजोड. ६ जून २०२५ला कोर्टाने ती मंजूर केली, पण बऱ्याच कॉलेजांनी आधीच कात्री काढली होती. १ जुलैपासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. त्याबरोबर स्कॉलरशिप किती द्यायच्या याची मर्यादा गेली आणि टीममध्ये डोकी किती ठेवायची याची आली. फुटबॉलला (अमेरिकन, सॉकर नव्हे) १०५, पोहण्याला ३०.

मी वर्षानुवर्षं "मिळालेच पाहिजेत" पार्टीत होते. आता मला खरंच कळत नाहीये. तुम्ही काय म्हणता?

बॅकबेंचर७:
लेकीबद्दल वाईट वाटलं. पण मूळ प्रश्नाला माझं उत्तर साफ नाही असं आहे. ज्यांना स्कॉलरशिप असते त्यांना डिग्री फुकट, राहणं-खाणं फुकट, वर पगार कशाला? आम्ही इथे एमएस करायला आलो ते बाबांचं घर बँकेत गहाण टाकून आणि पहिली दोन वर्षं डायनिंग हॉलमध्ये भांडी घासून. आम्हाला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

चकलीभाजणी:
बॅकबेंचर, तुम्ही भांडी घासताना एक लाख लोक तिकीट काढून बघायला आले असते तर टाळ्याच काय, पगारही मागितला असता. दिवे घ्या.

एक_दुःखी_टीए:
"डिग्री फुकट" यावर बोलतो कारण चार वर्षं दक्षिणेतल्या एका फुटबॉलवेड्या युनिव्हर्सिटीत टीए (टीचिंग असिस्टंट) होतो. सकाळी आठचं स्टॅटिस्टिक्स. शेवटच्या रांगेत एक भला दांडगा मुलगा बसायचा, शेजारच्या खुर्चीवर पाय लांब करून, गुडघ्यावर बर्फाची पिशवी प्लॅस्टिकने गुंडाळलेली, आणि वीस मिनिटांत झोपलेला. पहिल्या महिन्यात मला वाटलं माजलाय. मग ऑफिस अवर्सला आला तेव्हा कळलं की पाच वाजता वेट रूम, मग फिजिओ, मग माझा तास, दुपारी फिल्म, मग मैदान. गुरुवारी किंवा शुक्रवारी दौरा. बर्फ वितळून माझ्या टेबलावर पाणी सांडत होतं आणि तो मला स्टँडर्ड एरर विचारत होता.

नियम असा आहे की सीझनमध्ये आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त सराव घ्यायचा नाही. पण त्यात "ऐच्छिक" सराव मोजत नाहीत. ऐच्छिक म्हणजे आपल्याकडच्या शाळांची ऐच्छिक देणगी असते ना, तसं.

आणि त्याला इंजिनिअरिंगला जायचं होतं. लॅब दुपारी असतात म्हणून नाही घेऊ दिलं. मग फुकट डिग्री म्हणजे नक्की कोणती डिग्री, हे पण विचारा.

नीलांबरी:
ऐच्छिक देणगी!!! अगदी अगदी.

ताळेबंद:
थोडा इतिहास सांगतो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर उडी मारा.

"स्टुडंट-अ‍ॅथलीट" हा शब्द कुठून आला माहितीये? वॉल्टर बायर्स नावाचे गृहस्थ १९५१ ते १९८७ एनसीएएचे प्रमुख होते, त्यांच्या काळात तो रुळवला गेला. कारण खेळाडू जखमी झाला किंवा गेला तर तो कॉलेजचा कामगार ठरून भरपाई द्यावी लागेल ही भीती. कोलोरॅडोत १९५५ मध्ये एका छोट्या कॉलेजचा फुटबॉल खेळाडू डोक्याला मार लागून गेला, बायकोने कामगार भरपाई मागितली, राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १९५७ मध्ये नाही म्हटलं. म्हणजे ज्या शब्दात आपल्याला ज्ञान आणि घाम यांचा संगम वगैरे दिसतो तो मुळात विम्याचे पैसे वाचवायचा शब्द आहे. गंमत म्हणजे पुढे हेच बायर्स या व्यवस्थेवर तुटून पडले.

मग एड ओ'बॅनन. १९९५ला यूसीएलएला बास्केटबॉलचं विजेतेपद मिळवून देणारा. बऱ्याच वर्षांनी ओळखीच्या घरी गेला तर तिथला पोरगा व्हिडिओ गेममध्ये यालाच खेळवत होता. डावखुरा, नंबर ३१, टक्कल, सगळं तेच, फक्त नाव नाही. आणि पैसे तर नाहीतच. २००९ मध्ये तो कोर्टात गेला. त्यानंतर २०२१ मध्ये आल्स्टन खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एनसीएएच्या विरोधात ९-० निकाल दिला, आणि न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी वेगळं लिहिलं की कामगाराला बाजारभावाने पैसे न देणं हेच आमच्या मालाचं वैशिष्ट्य आहे असा दावा दुसऱ्या कुठल्या धंद्याने केला असता तर चालवून घेतलं नसतं. हॉटेलांनी एकत्र येऊन आचाऱ्याचा पगार कापला आणि म्हणाले गिऱ्हाईकाला गरीब आचाऱ्याच्या हातचं आवडतं, तर चालेल का, असं काहीसं.

१ जुलै २०२१ पासून एनआयएल सुरू झालं, म्हणजे स्वतःचं नाव, चेहरा वापरून जाहिराती करायला परवानगी. आता हाऊसने थेट कॉलेजचं खातं उघडलं.

फ्रीमाँटचे_आजोबा:
नमस्कार. मी इथे मुलाकडे असतो, वय ७८. हे सगळं बाजारू झालं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही कॉलेजात खो-खो खेळलो. बसभाडं स्वतःचं, बक्षीस म्हणजे स्टीलचा पेला. तो पेला अजून आहे, त्यात मी रोज पाणी पितो. खेळाचा आनंद पैशात मोजू लागलात की पोरगं पास देताना विचार करणार, माझा भाव वाढेल की त्याचा.

ताळेबंद:
आजोबा, तुमच्या पेल्याला नमस्कार. पण तुमच्या खो-खोच्या मार्गदर्शकांना काय मिळायचं?

फ्रीमाँटचे_आजोबा:
पी.टी.चे सर होते. तेही स्वतःच्या सायकलवर यायचे.

ताळेबंद:
बास, तिथेच फरक आहे. अलाबामाच्या फुटबॉल कोचला, निक सेबनला, शेवटची काही वर्षं वर्षाला एक कोटी डॉलरच्या वर मिळत होते. इथल्या बहुतेक राज्यांत सगळ्यात जास्त पगाराचा सरकारी नोकर शोधायला जा, गव्हर्नर नाही सापडत, फुटबॉल नाहीतर बास्केटबॉलचा कोच सापडतो. मार्च मॅडनेसच्या, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलच्या मोठ्या स्पर्धेच्या, टीव्ही हक्कांचे वर्षाला १०० कोटी डॉलरच्या आसपास येतात. सगळे सायकलवर आले असते तर मीही म्हटलं असतं पेल्यावर खूश रहा. इथे सर मर्सिडीजमधून येतात आणि फक्त पोरांनी पेल्यात समाधान मानायचं.

कोल्हापुरी_मिसळ:
लई भारी ताळेबंद.

अवांतर: कॉलेज, खेळाडू आणि पैसे म्हटल्यावर आमच्या गावचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे. १९५२च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. त्यातून स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं. आणि १९५५ मध्ये खाशाबांना पोलिसात नोकरी मिळाली. आपल्याकडे खेळाडूला पगार देताना कायम असंच, खेळासाठी म्हणून नाही द्यायचा, पोलिसात, रेल्वेत, बँकेत चिकटवायचा आणि हजेरीपुस्तकावर सही घ्यायची. तालमीत तर कोण लाजतच नाही, पैलवानाला खुराक लागतो, दूध-बदाम-तूप कोणीतरी द्यायचंच, शाहू महाराजांपासून चालत आलंय. खुराक दिला म्हणून पैलवान बाजारू झाला असं खासबागेत कुणी म्हणून दाखवा.

चकलीभाजणी:
खुराकावरून. इथे काही वर्षांपूर्वीपर्यंत नियम होता की कॉलेजने खेळाडूला अधेमधे खायला बेगल दिला तर चालेल पण त्याला चीज लावलं तर ते जेवण होतं, नियमभंग. पोळी घे बाळा, तूप नाही हं.

एक_दुःखी_टीए:
हो हो. आणि २०१४ मध्ये कनेक्टिकटचा शबाझ नेपियर, ज्याने त्यांना चॅम्पियनशिप जिंकून दिली, तो टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर बोलून गेला की काही रात्री मी उपाशी झोपतो. त्या स्टेडियममध्ये पॉपकॉर्नची पिशवी काय भावाने विकत असतील. नंतर थोड्याच दिवसांत एनसीएएने जेवणावरची मर्यादा काढली.

बॅकबेंचर७:
ठीक आहे, जेवण द्या, विमा द्या, कोचचा पगार कापा, सगळं मान्य. तरी माझा मुद्दा कोणी घेतलाच नाही. पैसे फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलमधून येतात. पोहणं, कुस्ती, जिम्नॅस्टिक, धावणं हे सगळं त्या पैशावर चालतं. तुम्ही फुटबॉलवाल्याला त्याचा "न्याय्य" वाटा दिलात की पोहण्याचा वाटा गेला. नीलांबरीताईंच्या मुलीचं नेमकं तेच झालंय ना? आणि सगळे मिळून तिच्याच धाग्यावर "द्या द्या" करताय.

नीलांबरी:
बॅकबेंचर, हेच मला रात्री झोपू देत नाही.

सीए_काकू:
मी आकड्यांवर येते, भावनांना जरा बाजूला बसवा.

हाऊस तडजोडीत जुन्या खेळाडूंना मागचे म्हणून २८० कोटी डॉलर द्यायचे ठरलेत, दहा वर्षांत. त्याचं ढोबळ वाटप असं: ७५ टक्के फुटबॉल, १५ टक्के पुरुषांचं बास्केटबॉल, ५ टक्के महिलांचं बास्केटबॉल आणि उरलेल्या ५ टक्क्यांत बाकी सगळं जग. पहिल्या वर्षीच्या २ कोटी ५ लाखांचं वाटपही बऱ्याच मोठ्या कॉलेजांनी त्याच मापाने करायचं ठरवलं. आता १९७२चा टायटल नाइन कायदा म्हणतो की सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी भेद करायचा नाही. मग हे पैसे त्या कायद्यात येतात का? जानेवारी २०२५ मध्ये शिक्षण खात्याने सांगितलं येतात, फेब्रुवारीत सरकार बदलल्यावर सांगितलं ते पत्र रद्द. जूनमध्ये आठ महिला खेळाडूंनी मागच्या पैशांच्या वाटपाविरुद्ध अपील केलं.

आणि ज्यांना आता जाहिरातींचे पैसे मिळतात त्या पोरांना कोणीतरी सांगा की हे धंद्याचं उत्पन्न आहे, कापून येत नाही, टॅक्स स्वतः भरायचा. माझ्याकडे एक सॉकरवाली आली होती एप्रिलच्या १० तारखेला. एनर्जी ड्रिंकवाल्यांनी दिलेले पैसे, शिवाय फुकट मिळालेले चार खोके ड्रिंक. म्हटलं खोक्यांची किंमतही उत्पन्नात धरायची बरं का. पोरगी म्हणाली, पण मी ते प्यायलेच नाही, चव घाण आहे.

चकलीभाजणी:
चव घाण असेल तर डिडक्शन मिळतं का?

सीए_काकू:
मिळालं असतं तर कॅफेटेरियाच्या डाळीवर मी करोडपती झाले असते.

ड्यूस:
मी मूळचा पुण्याचा, इथे डिव्हिजन वनमध्ये (कॉलेज खेळांचा सगळ्यात वरचा गट) टेनिस खेळतो, तिसरं वर्ष. आपल्याकडचे बरेच जण या वाटेने गेलेत. सोमदेव देववर्मन व्हर्जिनियाकडून २००७ आणि २००८ला एनसीएए सिंगल्स जिंकला, ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमला होती, अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटला. माझ्यासाठी स्कॉलरशिप म्हणजे लॉटरी होती, त्यामुळे बॅकबेंचर यांचं मला पटतंही थोडं. घरच्यांची ऐपत नव्हती वर्षभर स्पर्धांना युरोपात फिरवायची.

पण कोणी बोललं नाही ते सांगतो. आम्ही एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहोत. जाहिरात करून पैसे कमावणं म्हणजे कॅम्पसबाहेर काम, म्हणजे व्हिसाचा घोळ. गावातल्या एका रॅकेट दुकानाने मला आणि माझ्या डबल्स पार्टनरला विचारलं, इन्स्टावर तीन व्हिडिओ टाका, प्रत्येकी ५०० डॉलर. तो अमेरिकन, त्याने संध्याकाळी सही केली. मी इंटरनॅशनल ऑफिसला गेलो तर तिथल्या बाईंनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "सल्ला द्यायचा तर, नको." व्हिडिओत मी आहे. सर्व्हिस मी करतोय. ५०० त्याला. शेवटी त्याने मला वर्षभर पिझ्झा खाऊ घालायचं कबूल केलं, त्यालाही सीए_काकू टॅक्स लावतील.

पर्ड्यूचा झॅक एडी, सात फूट चार इंच, देशातला सर्वोत्तम कॉलेज बास्केटबॉल खेळाडू ठरलेला, पण कॅनडाचा, म्हणून त्यालाही बाकीच्यांसारखं मोकळेपणाने कमावता आलं नाही. काही जण सुट्टीत मायदेशी जाऊन तिथे शूटिंग करतात. मी पुण्यात जाऊन कशाची जाहिरात करणार, बाकरवडीची?

कोल्हापुरी_मिसळ:
कर की. बॅकहँड मारत खा.

सीए_काकू:
पिझ्झा मैत्रीत धरू. खा बाळा.

फ्रीमाँटचे_आजोबा:
श्री. ड्यूस यांचा अनुभव वाचून वाईट वाटले. एकच काम, एकाला पैसे, दुसऱ्याला नाही, हे मला पटत नाही. ताळेबंद यांचा मर्सिडीजचा मुद्दाही रात्री डोक्यात घोळत होता. कोचांना तेवढे देणार असतील तर मुलांना द्यावेत. परंतु कॉलेजने कोणालाच एवढे देऊ नये, असे माझे सुधारित मत आहे.

बॅकबेंचर७:
आजोबांनी मत बदललं, धागा सार्थकी लागला. मी नाही बदलणार. फारतर इतकं मान्य करतो की फुटबॉल आणि बास्केटबॉल कॉलेजपासून तोडून सरळ कंपन्या करा, मुलांना नोकर म्हणा, हवं तर युनियन करू द्या, आणि बाकी खेळ कॉलेजात पेल्यासाठी खेळा.

ताळेबंद:
युनियनचा प्रयत्न झालाय. २०१४ला नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉलवाल्यांनी मतदान केलं, २०१५ला कामगार मंडळाने यात आम्ही पडत नाही म्हणून हात झटकले. मार्च २०२४ मध्ये डार्टमथच्या बास्केटबॉल टीमने १३-२ मतांनी युनियन केली, आणि वर्ष संपायच्या आत अर्ज मागे घेतला. नोकर म्हटलं की ड्यूससारख्यांचं काय, हा नवीनच प्रश्न.

आणि बाकी खेळ पेल्यासाठी म्हणता, पण अमेरिकेची ऑलिंपिक टीम याच कॉलेजांच्या तलावांतून निघते. अमेरिकेचीच कशाला, पॅरिसला चार सुवर्ण घेणारा फ्रान्सचा लिऑन मार्शां अ‍ॅरिझोना स्टेटचा विद्यार्थी होता.

मूळ प्रश्नाला माझं उत्तर: द्या, पण बॅकबेंचर म्हणतात तसं पोहण्याच्या ताटातलं काढून फुटबॉलला दिलं हे मला पूर्ण पटत नाही. वॉक-ऑनला कॉलेज देतच काय होतं? फी तर आईवडील भरत होते. ती टीममध्ये राहिली असती तर दोन बूट आणि बसमधली एक सीट. डोक्यांची मर्यादा या लोकांनी तडजोडीत स्वतःहून घातली, पैसे देण्यासाठी ती घालायलाच हवी होती असं काही नाही.

एक_दुःखी_टीए:
+१. नीलांबरी, एक विचारायचं राहिलं. न्यायाधीश बाईंनी, क्लॉडिया विल्कन यांनी, याच मुद्द्यावर तडजोड अडवली होती ना? मग असं ठरलं की ज्यांना काढलं त्यांना परत घेतलं तर ते त्या ३० मध्ये मोजायचे नाहीत. मुलीचं नाव त्या यादीत नव्हतं?

नीलांबरी:
होतं. पण परत घ्यायचंच असं कॉलेजवर बंधन नव्हतं, आणि आमच्या कोचने "सध्या शक्य नाही" कळवलं. दुसऱ्या कॉलेजात गेली असती तर तिथेही मोजली नसती, एका लहान कॉलेजने विचारलंही. पण तिचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष संपलेलं, निम्मे क्रेडिट धरले नसते त्यांनी. नाही म्हणाली.

तुमचे सगळ्यांचे प्रतिसाद तिला वाचून दाखवले, मराठी वाचता येत नाही पण कळतं सगळं. ऐच्छिक देणगी समजावून सांगावी लागली. ड्यूसच्या पिझ्झावर खूप हसली. मी शेवटी विचारलंच, तुला काय वाटतं, त्या फुटबॉलवाल्यांना पैसे मिळायला हवे होते का? तर म्हणे, "ऑफ कोर्स. आधीच द्यायला पाहिजे होते. माझ्या डॉर्ममधल्या एकाची तीन ऑपरेशनं झालीयेत." आणि फोनमध्ये डोकं घातलं.

ताळेबंद, बूट आणि बसमधली सीट हे वाचून मात्र मी स्वयंपाकघरात जाऊन आले.

चकलीभाजणी:
नीलांबरी, आता पोहते का ती?

नीलांबरी:
क्लबमध्ये पोहते, मंगळवार-गुरुवार. आणि सप्टेंबरपासून लाइफगार्डची नोकरी धरलीये, युनिव्हर्सिटीच्याच तलावावर, तासाला १४ डॉलर. पहाटेची पाळी कोणालाच नको असते, हिला उठायची सवय, म्हणून हिला मिळाली. पहाटेच्या पाळीला तलावावर टीमचाच सराव असतो. ही वर खुर्चीत लाल शर्ट घालून बसलेली, खाली हिच्याच मैत्रिणी. पहिल्या दिवशी कोच हिला "मॉर्निंग" म्हणाले, हीपण "मॉर्निंग" म्हणाली. मला फोनवर सांगत होती की त्यांची चौथ्या लेनवाली वळताना अजून खांदा चुकवते, पण आता ते सांगणं माझं काम नाही.

सीए_काकू:
तिला म्हणावं डब्ल्यू-२ (पगाराचा टॅक्स फॉर्म) जपून ठेव.

कोल्हापुरी_मिसळ:
आणि बॅग? धुतली का शेवटी?

नीलांबरी:
नाही. गॅरेजमध्ये ठेवलीय. गाडी काढताना वास येतो.